ताडपत्रीचा खंड्या: ओढ्याकाठच्या एका शिल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर ओसरला की ओढ्याच्या वळणावर काय काय येऊन बसतं हे तिथं राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. सालं सोललेल्या फांद्या, मुळासकट उपटलेले बांबू, प्लास्टिकची पिंपं, जोडीदार हरवलेल्या चपला, नायलॉन दोरांचे गुंते. आमच्या वळणावर या सगळ्यावर एक भलीमोठी निळी ताडपत्री पसरली होती, अर्धी चिखलात आणि अर्धी झाडाच्या मुळांत अडकलेली. ती ओढून काढायला सहा जण लागले. पुढच्या सगळ्या गोंधळाची सुरुवात तिच्यापासून झाली.

आम्ही बारा जण होतो. त्यात एक चित्रकला शिकवणाऱ्या ताई, फॅब्रिकेशनच्या कामातून निवृत्त झालेले एक काका, सात कॉलेजची मुलं आणि बाकी आम्ही हौशी. सफाई संपल्यावर ताई म्हणाल्या, "हे सगळं भरून नेण्याआधी यातून इथंच काहीतरी उभं करूया." ओढ्यावर खंड्या नेहमी दिसायचा, त्यामुळे विषय आपसूक ठरला. काठालगतच्या सार्वजनिक बागेत जागा मिळाली. सहा महिने ठेवायला हरकत नाही, असं बागेच्या व्यवस्थापनाने तोंडी सांगितलं. तारीख ठरली नाही, आणि काम कोण उतरवणार हेही नाही. या लिखाणात जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. नोंदवही माझ्याकडे होती, त्यामुळे चुकांचे हिशेबही माझ्याच अक्षरात आहेत.

साहित्य निवडताना

या टप्प्यावर आम्ही बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागलो. पात्रातले दगड उचलायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं, कारण त्या दगडांच्या खालच्या अंगाला पाणकिड्यांच्या अळ्या चिकटून राहतात आणि मासे त्यांच्यावर जगतात. दगडावर दगड रचून मनोरे करायची टूम फोटोत छान दिसते, पण खाली कुणाचं तरी घर उघडं पडतं. एक जाडजूड ओंडका भुंगेऱ्यांनी पोखरलेला होता, तो तिथेच ठेवला. जुना रंग पोपडे धरून निघत असलेल्या दोन फळ्या काकांनी बाजूला काढल्या. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं आणि मुलं तर पॉलिश पेपर घेऊन घासायलाच बसली होती. आत काय भरलेलं होतं ते कळत नव्हतं ती पिंपंही बाद केली.

ताडपत्रीवर मात्र कुणी प्रश्न विचारला नाही. ती निळी होती आणि आम्हाला खंड्या करायचा होता.

तीन वाटा

बैठकीत बोलणं दोन टोकांना गेलं. एका मुलाने अँडी गोल्ड्सवर्दीच्या कामांचे फोटो आणले होते. 1956 मध्ये जन्मलेला हा ब्रिटिश कलावंत पानं काट्यांनी टाचतो, बर्फाच्या कांड्या ओल्या करून एकमेकींना चिकटवतो, फोटो काढतो आणि पुढचं ऊन-वाऱ्यावर सोपवतो. काकांना ते पटलं नाही. त्यांनी चंदीगढचं रॉक गार्डन पाहिलं होतं. नेकचंद हे रस्ते निरीक्षक होते. 1957 च्या सुमारास त्यांनी सरकारी जमिनीवर, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, फरश्यांचे तुकडे आणि मोडकी भांडी यांतून ते रचायला सुरुवात केली, आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. "ते अजून उभं आहे," काका म्हणाले, "आणि तुमची पानं संध्याकाळी गेली."

तर पहिली वाट होती कुजणारं काम: फांद्या, बांबू, पानं, काथ्या, बस्स. दुसरी टिकणारं काम, म्हणजे वेल्डिंग, सिमेंट, फरशी. तिसरी मिश्र: सांगाडा लाकडा-बांबूचा आणि पिसं कचऱ्याची. आम्ही तिसरी निवडली. पहिल्या वाटेत कचरा दिसणार नाही आणि दुसरी आवाक्याबाहेरची आहे, असं कारण मी त्या दिवशी वहीत लिहिलं. आज वाचताना कळतं की आम्हाला दोन्हींचा मान हवा होता आणि दोन्हींपैकी एकाचीही शिस्त नको होती. पानं वापरणाऱ्याला ठाऊक असतं की हे जाणार आहे आणि गेलं तरी बिघडत नाही. भाजलेली माती उन्हात विटत नाही, तिचे धागे सुटत नाहीत, म्हणून फुटक्या फरश्या वापरणारा निर्धास्त असतो. आमची पिसं या दोहोंच्या मधली होती. ती टिकणार नव्हती आणि जाणारही नव्हती.

बांधणी

खंड्या चोचीसह तीन मीटरच्या आसपास उंच झाला. बांबू जमिनीत गाडायचे असा पहिला बेत होता. काकांनी तो मोडून काढला. प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीच्या पातळीवर आधी कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. त्यांनी पुरातच सापडलेले दोन लोखंडी पाइप ठोकून घेतले आणि बांबू जमिनीला न टेकवता त्यांना बांधले.

वाऱ्याचा हिशेबही त्यांचाच. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 6 किलोचा दाब येतो, ताशी 72 ला 24 किलोचा. आमच्या पक्ष्याची कूस अडीच चौरस मीटर भरत होती. म्हणून त्यांनी छातीला दोर बांधला, मध्ये स्प्रिंगचा काटा अडकवला आणि 60 किलोपर्यंत आडवं ओढून दाखवलं. सांगाडा करकरला, पण हलला नाही. लॉस एंजेलिसचे वॉट्स टॉवर्स सायमन रोडियाने 1921 ते 1954 अशी तेहतीस वर्षं एकट्याने उभे केले. ते धोकादायक ठरवून पाडायचं घाटत होतं, तेव्हा 1959 मध्ये त्यांनाही असंच आडवं ओढून पाहिलं. 10,000 पौंडांचा ताण दिला, मनोरे जागेवर राहिले आणि ओढणारं यंत्रच वाकलं. ही गोष्ट मी सांगितल्यावर काका दोन दिवस खुशीत होते.

मग पिसं. ताडपत्री कात्रीने कापून हातभर लांब, टोकाला निमुळते तुकडे केले आणि तागाच्या सुतळीने कामट्यांना बांधले. किती? वहीत "अंदाजे 300" असं लिहिलं आहे. या अंदाजाबद्दल पुढे बोलायचंच आहे. चोच पीव्हीसी पाइप उभा चिरून केली. काम लागलं त्या संध्याकाळी पाठीवर ऊन पडलं होतं आणि वाऱ्याने पिसं सळसळत होती. सांगायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं.

काय बिघडलं

पहिली तक्रार चोचीची आली. खालची चोच पन्हळीसारखी होती आणि उतार गळ्याकडे, त्यामुळे पावसाचं पाणी तिथे साचलं. दहाव्या दिवशी त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. काकांनी ड्रिलने भोक पाडलं, विषय संपला. बाहेरच्या कामात वाटीसारखा आकार दिसला की खाली भोक पाडायचं, याला अपवाद नाही.

खरी अडचण तिसऱ्या महिन्यात कळली. एक मुलगी सकाळी फोटो काढायला गेली आणि तिने गटावर एवढंच लिहिलं: "खाली निळा भुगा पडलाय." जाऊन पाहिलं तर गवतात नखाएवढ्या, त्याहून बारीक निळ्या खपल्या पसरलेल्या. एक पीस हातात धरून मी अंगठ्याने घासलं तर अंगठा निळसर पांढरा झाला. कडांना दशा सुटल्या होत्या, वीतवीतभर लांब, जुन्या धोतराला सुटतात तशा.

असं का होतं? ही ताडपत्री म्हणजे पॉलिथिलिनच्या चपट्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेलं कापड. ऊन त्या प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतं. ते रोखण्यासाठी कारखान्यात मिसळलेला पदार्थ हळूहळू संपत जातो आणि तो संपला की कापड ठिसूळ होतं. आमची ताडपत्री कुणाच्या तरी छपरावर कितीतरी उन्हं खाऊन मग पुरात आली होती. सापडलेल्या प्लास्टिकवर तारीख लिहिलेली नसते, पण त्याचं बरंचसं आयुष्य सरलेलं असतं. त्यात आम्ही तिला 300 ठिकाणी कापून विणीच्या कडा मोकळ्या केल्या. भरीला, पोटाकडच्या ओलसर भागातली तागाची सुतळी कुजून सुटायला लागली होती. म्हणजे पिसं अखंड असतानाही उडून जात होती. किती गेली असतील? लावताना मोजलीच नव्हती, त्यामुळे याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

घरटं

उतरवायचं हे त्याच दिवशी ठरलं असतं. पण काका छातीच्या पोकळीत डोकावले आणि मागे सरून हळू आवाजात म्हणाले, "आत कुणीतरी राहतंय."

वाटीएवढं घरटं होतं. तीन पिल्लं, अंगावर पिसं नाहीत, चोची वर. घरट्याच्या भिंतीत काटक्या-गवताबरोबर निळ्या दशा विणलेल्या होत्या. दोन-तीन बाहेर लोंबत होत्या आणि वाऱ्याने हलत होत्या.

इथे चार मतं पडली. एक, लगेच उतरवा: रोज कचरा सांडतोय आणि तो आपणच सांडतोय. दोन, वरून पारदर्शक लॅकर मारा. हे सुचवणाऱ्या मुलाचा हेतू चांगला होता, पण ठिसूळ पृष्ठावर चढवलेला थर त्याच पृष्ठासकट निघतो, आणि पिल्लांच्या डोक्यावर फवारणी कोण करणार? तीन, कडा गरम इस्त्रीने वितळवून बंद करा. नव्या ताडपत्रीवर हे चालतं, ऊन खाल्लेली चुरा होते. चार, पिल्लं उडेपर्यंत थांबा. लहान पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत घरटं सोडतात आणि ही काही दिवसांची होतीच. शिवाय वापरातलं घरटं हलवायला अनेक देशांत कायद्याने बंदी आहे.

मधली वाट निघाली: घरट्याभोवती एक मीटर सोडून शेपटीकडून आणि पलीकडच्या पंखापासून पिसं काढत यायची. पहिल्या दिवशी आम्ही चौघं एकदम लागलो. आई-बाप समोरच्या फांदीवर ओरडत बसले, अर्धा तास घरट्यात आले नाहीत. आम्ही काम थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून एकट्याने जायचं, दहा मिनिटांत आवरायचं आणि लांब जाऊन बसायचं असं केलं. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. खालचा भुगा मुलं रोज सकाळी वेचत. गवतातून वेचायला चाळणी चालत नाही, झाडूही नाही, बोटंच लागतात.

एका गोष्टीवरून माझं आणि ताईंचं वाजलं. घरट्यातून लोंबणाऱ्या दशा छोट्या कात्रीने कापून घ्याव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. पिल्लाच्या पायाला दशेचा वेढा पडला आणि पाय वाढत गेला की वेढा रुततो. मी हट्टाने नको म्हटलं. "माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते," हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाकीच्यांनी माझी री ओढली.

अकराव्या दिवशी दोन पिल्लं उडाली. तिसरं घरट्यातच होतं, एका पायाला निळी दशा, मेलेलं.

माणसाच्या वासाने पक्षी पिल्लं टाकतात ही समजूत चुकीची आहे. सतत गडबड केली तर ते घरटं सोडू शकतात, आणि उडायच्या बेतात असलेली पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या मारू शकतात. म्हणजे भीती बाळगायची होती ती वेळेची आणि गोंधळाची, वासाची नाही. पिल्लं लहान असतानाच, आई-बाप चारा आणायला गेले की अर्ध्या मिनिटात त्या दशा कापता आल्या असत्या. ताई त्यानंतर मला एक अक्षरही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरी बांधणी

पिसं सगळी उतरली. रिकामं घरटं कागदावर उकललं, त्यात 23 निळ्या दशा निघाल्या. सर्वांत लांब मनगटापासून कोपरापर्यंत आली. सांगाडा मात्र ठणठणीत होता. ज्या गोष्टीची भीती वाटत होती, म्हणजे पडण्याची, तिच्यावर आम्ही सगळी अक्कल खर्च केली होती. कातडीकडे रंगापलीकडे पाहिलंच नव्हतं.

पुन्हा लावायचं की पाडायचं, यावर मतदान झालं. लावायचं ठरलं, पण काकांनी एक अट घातली: "जितके तुकडे लावाल तितके परत आले पाहिजेत." त्यातून बांधणीचे नियम उलगडत गेले. कुजणाऱ्या वस्तूला कुजणारी गाठ. गाठ आधी गेली तरी पडणार ते पान, पडू दे. न कुजणाऱ्या वस्तूला तिच्याहून जास्त टिकणारी पकड हवी, कारण गाठ आधी गेली तर वस्तू वाऱ्यावर. पहिल्या खंड्यात आम्ही नेमकं उलटं केलं होतं, प्लास्टिकला ताग.

या वेळी अंगावर झाडांची आपसूक गळलेली साल आणि सुकलेली रुंद पानं आली, काथ्याने बांधलेली. ओलीत ताग लवकर जातो, काथ्या पुष्कळ तग धरतो, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ, भरपूर असतो. निळ्यासाठी फुटक्या फरश्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी टाकलेला राडारोडा होता, त्यात निळ्या-पांढऱ्या कपच्या सापडल्या. धारदार कडा ओल्या दगडावर घासून मोडल्या. घासताना बुडाशी पाणी ठेवायचं, नाहीतर ती धूळ छातीत जाते. भोकं पाडायला काचेचं ड्रिल बिट वापरलं. एका तुकड्याला वीस मिनिटं लागायची आणि चारातला एक फुटायचा. प्लास्टिक फक्त जाड पिंपाच्या पत्र्याचं, तेही पाणी भरून ठेवायचं म्हणून खात्री असलेल्या पिंपाचं आणि नट-बोल्ट-वॉशरने बसवलेलं. फरशी आणि पिंप मिळून 148 तुकडे झाले. प्रत्येकाच्या पाठीवर कोरून आकडा घातला, कारण मार्करची शाई उन्हात उडते. वहीत त्यांची यादी केली.

दिसायला कसा झाला? खरं सांगायचं तर पहिल्याच्या पासंगालाही नाही. अंग तपकिरी, पंखावर हातभर निळा पट्टा. बागेत फिरायला येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "आधीचा खंड्या होता, ही चिमणी का?" मुलं हिरमुसली. मला मात्र तो निळा पट्टा आवडायचा. पावसानंतर फरशी ओली असली की तेवढाच भाग उजळून दिसायचा, आणि ओढ्यावरून खंड्या उडत जातो तेव्हा आपल्याला तरी याहून जास्त काय दिसतं?

वेगळं काय करता आलं असतं

साहित्य निवडतानाच ताडपत्रीवर अंगठा घासून पाहिला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. भुकटी निघाली की बाद. न निघाली तर घट्ट घडी घालून दाबायची, घडीवर पांढरी रेघ किंवा चीर आली तरी बाद. यातूनही पास झालं तर एक कापलेला तुकडा महिनाभर उन्हात टांगून ठेवायचा. या तिन्ही गोष्टींना काहीच लागत नाही, फक्त उत्साह महिनाभर आवरावा लागतो आणि तेच कठीण असतं.

परवानगी लेखी हवी होती, तीत उतरवण्याची तारीख आणि उतरवणाऱ्याचं नाव. तोंडी सहा महिन्यांमुळे तिसऱ्या महिन्यात निर्णय कुणाचा, यावरच दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत भुगा पडतच होता.

पोकळ छाती ही दुसरी मोठी चूक, आणि तिच्यावर आमच्यात अजून एकमत नाही. ताईंच्या मते पोकळी ठेवायचीच नव्हती, फांद्यांनी गच्च भरायची होती. मला वाटतं, बाहेरच्या कामात कुणी ना कुणी राहायला येणारच. म्हणून आत जे काही असेल ते कुणी चोचीतून नेलं तरी चालेल असंच असावं. धागा, जाळी, मासे पकडायची तंगूस, केस, दशा सुटणारं कुठलंही कापड यांतलं काहीही नको. आणि घरटं दिसल्या दिवशी आम्ही आपापसात मत देत बसलो, पक्ष्यांचं काम करणाऱ्या एका माणसाला विचारलं नाही. एका फोनचं काम होतं.

तिसऱ्या वाटेबद्दल माझं मत बदललेलं नाही, मिश्र काम करता येतं. पण त्यात दोन घड्याळं एकदम चालू असतात, आणि न कुजणाऱ्या भागाचा हिशेब पहिल्या तुकड्यापासून ठेवावा लागतो.

उतरवणी

दुसरा खंड्या पाच महिने राहिला. शेवटी शेवटी बांबूतून पिठासारखी भुकटी गळायला लागली, भुंगा लागला होता. ठरलेल्या तारखेला सकाळी आठ जण आले. काथ्या कापला, साल आणि पानं झाडांच्या बुडाशी पसरली, बांबू तोडून एका कोपऱ्यात कुजायला रचले. पाइप काकांनी नेले. फरशी आणि पिंपाचे तुकडे चादरीवर मांडून मी एकेक आकडा वाचत गेले आणि मुलं वहीत खुणा करत गेली.

148 पैकी 145 मिळाले. 31, 90 आणि 112 नाहीत. 90 आणि 112 फरशीचे आहेत, ते गवतात कुठेतरी असतील. 31 पिंपाचा आहे, शेपटीच्या टोकाचा. पुराचं पाणी पुन्हा ओसरलं की वळणावर जाऊन बघायचं, असं वहीच्या शेवटच्या पानावर ताईंच्या अक्षरात लिहिलं आहे.